न फिरणारं झाकण

मराठी मध्यमवर्गीय घरात संगणक शिरला, तेव्हा त्याच्या दुरुस्तीचं पहिलं अवजार होतं खोडरबर. यंत्र सुरू केलं की बीप वाजत राहायची आणि पडदा काळाच्या काळा. मग घरातला किंवा शेजारचा, ज्याला 'त्यातलं कळतं' असा कुणीतरी कॅबिनेटची एक बाजू काढायचा, रॅमची पट्टी उपसायचा, तिच्या सोनेरी कडेवरून कंपासपेटीतलं रबर फिरवायचा, एक फुंकर मारायचा आणि पट्टी पुन्हा खाचेत दाबून बसवायचा. बहुतेक वेळा संगणक मुकाट्यानं चालू व्हायचा. यात चमत्कार काही नव्हता. हवा दमट, रस्त्यावरची धूळ घरात. त्या सोनेरी टोकांवर मळाचा पातळ थर धरायचा आणि वीज नीट पोचायची नाही. रबरानं मळ जायचा, जोडीला सोन्याच्या मुलाम्याचाही थोडा अंश जायचा, म्हणून जाणकार या उपायाला नाकं मुरडत. फुंकरीबद्दल तर बोलायलाच नको, तिच्यातून ओल आणखी आत जायची. पण कॉम्प्युटर क्लासमधल्या सरांपासून डिप्लोमाच्या पोरांपर्यंत सगळे हेच करत, आणि फुंकर न मारता पट्टी बसवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आमचा पहिला संगणक 1999 साली लॅमिंग्टन रोडवरून आला. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुटे भाग घ्यायला जाणाऱ्याच्या तोंडी ते कधी येत नाही. बाबा आणि आमच्या बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगला असलेला एक दादा डोंबिवलीहून सकाळीच निघाले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि रात्री लगेजच्या डब्यातून खोक्यांसकट परतले. त्या काळी संगणकाच्या दोन जाती होत्या, 'कंपनीचा' आणि 'असेंबल्ड'. कंपनीचा म्हणजे महाग, सीलबंद, ऑफिसात असतो तो. असेंबल्ड म्हणजे मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट जो शंभर रुपयांनी स्वस्त देईल त्याच्याकडून. दादानं तो आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, सगळ्यांच्या देखत जोडला. शेवटी आईनं विचारलं, "अरे, मग हे स्क्रू उरले कसे?" दादा म्हणाला, "काकू, स्क्रू उरतातच."

कॅबिनेटची ती बाजू पुढे कायम उघडीच राहिली. उन्हाळ्यात तिच्यासमोर टेबलफॅन लावायचा. कीबोर्डला कधी हात न लावलेले बाबा पाहुण्यांना सांगत, "आपली रॅम चौसष्टची आहे, दिवाळीत एकशेअठ्ठावीसची करून घेऊ." फ्रिजच्या कॉम्प्रेसरबद्दल किंवा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबबद्दल असं अधिकारानं बोलणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. संगणकाबद्दल होतं, कारण तो आमच्या डोळ्यांसमोर जोडला गेला होता आणि त्याच्या पोटात काय आहे ते जाता-येता दिसत होतं.

आता माझ्या टेबलावर जे यंत्र आहे त्याला ना कॅबिनेट, ना बाजू. 2018 चा मॅक मिनी, 19.7 सेंटिमीटरचा चौरस, उंची 3.6 सेंटिमीटर, रंग गडद करडा. मी तो सेकंडहँड घेतला. पुस्तकांचं संपादन आणि मांडणी हे माझं काम, आणि यंत्रात मेमरी होती 8 जीबी, म्हणजे बाबांच्या त्या चौसष्टच्या 128 पट. तरी पुरेना. जुन्या पुस्तकाची स्कॅन केलेली चारशे पानं, शेजारी मांडणीचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये उघडून विसरलेली पानं, त्यात एखाद्या लेखकानं जुन्या फाँटमध्ये पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा खटाटोप. एवढं एकत्र आलं की ती रंगीत भिंगरी फिरायला लागायची. मेमरी भरली म्हणून यंत्र थांबत नाही. आधी ते आतला मजकूर दाबून दाबून बसवतं, तेही पुरेनासं झालं की सध्या न लागणारा भाग एसएसडीवर नेऊन ठेवतं आणि लागला की परत आणतं. मेमरीतून एखादी गोष्ट उचलायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून उचलायला त्याच्या शेकडो पट. ही ने-आण म्हणजे ती भिंगरी. मॅकमध्ये 'मेमरी प्रेशर' नावाचा एक आलेख असतो, तो हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो. माझा दुपारनंतर लालच असायचा.

रॅम वाढवायची, एवढंच करायचं होतं. लॅमिंग्टन रोडच्या काळात तो रविवार सकाळचा उद्योग होता. या डब्याच्या बाबतीत मात्र आधी त्याची वंशावळ समजून घ्यावी लागली, आणि ती वंशावळ झाकणांवरून सहज मांडता येते.

पहिला मॅक मिनी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झनं जानेवारी 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दाखवला. किंमत 499 डॉलर, मेमरी 256 एमबी, तिच्यासाठी एकच खाच. पडदा, कीबोर्ड, माउस ज्याचं त्यानं आणायचं. त्याला एकही स्क्रू बाहेरून दिसत नव्हता. तो उघडायला रंगारी भिंतीला पुट्टी भरायला वापरतात ती पात लागायची; पात फटीत घालून उचकटायचं, आतले प्लास्टिकचे आकडे कडाकड सुटायचे आणि आपल्या काळजाचंही तेच व्हायचं. 2010 मध्ये सगळं बदललं. ॲल्युमिनियमचा अखंड डबा आला आणि तळाला एक गोल काळं झाकण. ते स्टीलच्या फिरकीच्या डब्यासारखं दोन अंगठ्यांनी फिरवायचं, ते निघायचं आणि समोर रॅमच्या दोन पट्ट्या. अवजार शून्य. हे झाकण ज्यानं आखलं त्याला, यंत्र विकत घेणारा माणूस कधीतरी आत हात घालणार आहे, हे मान्य होतं. 2012 च्या मॉडेलात अशा रीतीनं मेमरी 16 जीबीपर्यंत नेता यायची. ती यंत्रं पुढे कितीतरी वर्षं लोकांनी वापरली, त्यात या झाकणाचा वाटा मोठा.

मग 2014 चं मॉडेल आलं. डबा तोच, मापं तीच, झाकण तेच काळं, तेच गोल. फक्त फिरेना. आणि खटपट करून ते काढलंच तर आत मेमरीसाठी खाचा नव्हत्या, ती मदरबोर्डवर डाखलेली होती. एखादी सोय काढून घेतली तर माणूस समजू शकतो. पण तिचा आकार तसाच ठेवून ती काढून घेणं मला आजही अनाकलनीय वाटतं. दार भिंतीत बुजवलं आणि कडी तशीच लटकत ठेवली.

2018 चं मॉडेल, म्हणजे माझं, या घराण्यातलं विचित्र मूल. त्यात मेमरी पुन्हा खाचांत आली, तीही लॅपटॉपमध्ये लागते तसल्या साध्या डीडीआर4 पट्ट्यांच्या रूपात, 64 जीबीपर्यंत नेता येईल अशी. पण ती एका धातूच्या पिंजऱ्याखाली, मदरबोर्डच्या पोटात, आणि कंपनीचं म्हणणं असं की हे काम अधिकृत सेवा केंद्रात करून घ्या. तेव्हा यंत्राची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत 799 डॉलर होती. घेतानाच 8 च्या जागी 64 जीबी मेमरी मागितली तर तिच्यासाठी वेगळे 1400 डॉलर. घोड्यापेक्षा नाल महाग.

2020 च्या नोव्हेंबरात एम1 चिप आली आणि प्रश्नच मिटला. मेमरी आता चिपच्याच आवरणात, तिच्या खांद्याला खांदा लावून. आता स्क्रू किती का असेनात, आत काढण्यासारखं काही उरलंच नाही.

इथे घाईनं शिव्या घालणं सोपं आहे आणि मी त्या घातल्याही होत्या. पण अभियंत्यांची बाजू खरी आहे. माझ्या यंत्रातल्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला जास्तीत जास्त 42.7 जीबी मजकूर वाहून नेऊ शकतात. एम1 मध्ये हा आकडा सुमारे 68 आहे, 2024 च्या एम4 मध्ये 120. वेग वाढला की तारेची लांबी, खाचेतला सांधा, टोकांवरचा तो मळ, सगळं आड येऊ लागतं. संदेश वाटेतच विस्कटतो. मेमरी चिपला चिकटवली की वाट आखूड होते, विजेचा दाबही कमी पुरतो. फ्रेमवर्क नावाची अमेरिकन कंपनी आहे, ग्राहकाला स्वतः दुरुस्त करता येतील असे लॅपटॉप हाच जिचा धर्म. तिनं 2025 च्या फेब्रुवारीत एक छोटा डेस्कटॉप आणला, आणि त्यात मेमरी डाखलेली! एएमडीच्या ज्या चिपभोवती तो बांधला होता तिला मेमरीकडे 256 पदरी रस्ता लागतो आणि पट्ट्या खाचांत बसवून तो वेग टिकवणं जमलं नाही, असं त्यांनी उघड सांगितलं. दुरुस्तीच्या या वारकऱ्यांनाही इथे डाखकाम पत्करावं लागलं. मधला मार्ग निघतोय. कॅम2 नावाच्या चपट्या, स्क्रूनं आवळायच्या मेमरीचं मानक डिसेंबर 2023 मध्ये प्रसिद्ध झालं, तिच्यात वेग आणि बदलण्याची सोय दोन्ही साधायचा प्रयत्न आहे. पण ती अजून गल्लीतल्या दुकानात सहज मिळत नाही.

तेव्हा डाखकाम हे भौतिकशास्त्र आहे, मान्य. भाव मात्र भौतिकशास्त्र नाही. एम4 चा मॅक मिनी भारतात आला तेव्हा 59,900 रुपयांना होता, त्यात 16 जीबी मेमरी. तीच 24 हवी असेल तर वर 20,000. ही 8 जीबी पुढे कधी बाजारातून आणून घालता येणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला त्या क्षणी, दुकानात उभं असताना, पुढच्या सात वर्षांची भूक ओळखायची असते. बाबांना हे करावं लागलं नव्हतं. त्यांची दिवाळी होती. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर एक पोर्टलही सुरू केलं. चांगलं झालं. पण यंत्रात खाचच नसेल तर पोर्टल ती कुठून आणणार?

माझ्या यंत्रात खाच होती. पिंजऱ्याखाली का होईना, होती.

पट्ट्या घ्यायला दुकानात गेले तर पहिला प्रश्न, "लॅपटॉपची का डेस्कटॉपची?" यंत्र डेस्कटॉप, पण उत्तर 'लॅपटॉपची' असं द्यायचं, हे ज्याला माहीत नाही तो हातभर लांब पट्टी घेऊन घरी येतो. छोट्या संगणकांत सगळीकडे लॅपटॉपचीच रॅम असते, साधारण सात सेंटिमीटर लांब, तीन उंच. मी म्हटलं, "डीडीआर फोर, सव्वीसशे सहासष्ट, सोळाची दोन." दुकानदार म्हणाला, "बत्तीसशेची घ्या ना, मागे चालते." म्हणजे वेगवान पट्टी हळू यंत्रातही चालते. मी सव्वीसशे सहासष्टवर अडून राहिले. दोन का? तर दोन्ही खाचांत सारख्या पट्ट्या असल्या की यंत्र दोन्हींतून एकदम वाचतं. बत्तीसची एकच घालून दुसरी खाच रिकामी ठेवली तर आकडा तोच दिसेल पण रस्ता निम्मा राहील. तेव्हा, म्हणजे 2025 च्या उन्हाळ्यात, या पट्ट्या स्वस्त होत्या. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवते.

अडलं ते स्क्रूंवर. या डब्याचे स्क्रू साध्या पान्यानं निघत नाहीत. सहा पाकळ्यांची खाच, आणि मधोमध एक बारीक सुळका, जेणेकरून साधा स्टार पाना आत शिरूच नये. त्या सुळक्याचं दुसरं काहीही काम नाही. आमच्या कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं एक दुकान आहे, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तिथल्या मुलाला मी फोनवरचं चित्र दाखवलं. त्यानं न बघितल्यासारखं केलं आणि ड्रॉवरमधून एक डबी काढली. "मधी भोक असलेलं बिट लागतंय काकू. हे टीआर सहा, हे टी सहा, हे टी पाच, हे टी दहा. संध्याकाळी परत द्या."

"आत काही बिघडणार नाही ना रे?"

"आत काय असतंय? फोनपेक्षा सोपं. रिबिन खेचू नका फक्त."

एवढ्या वर्षांत तंत्रज्ञानाबद्दल मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला.

परदेशी मार्गदर्शकांत पहिलं कलम स्थिर विजेचं असतं: गालिच्यावर चालू नका, लोकरीचे कपडे काढा, मनगटाला पट्टा बांधा, नळाच्या धातूला हात लावा. माणसाला चटका जाणवतो तो सुमारे 3000 व्होल्टच्या पुढे; चिप त्याच्या कितीतरी आत मरू शकते आणि आपल्याला कळतही नाही, हे खरं. पण हे सगळं कोरड्या थंडीच्या देशांत जास्त लागू. डोंबिवलीत मे महिन्यात हवेतच इतकं पाणी असतं की वीज साठून राहणं अवघड, आणि नव्या इमारतींत नळाचे पाइप प्लास्टिकचे, त्यांना हात लावून जमिनीशी कसलं नातं जुळणार? आपला धोका निराळा. कपाळावरचा घाम. पंखा चालू ठेवावा तर बारीक स्क्रू आणि कागद उडतात, बंद करावा तर नाकाच्या शेंड्यावरून थेंब नेमका बोर्डावर. हे कुठल्याही मार्गदर्शकात लिहिलेलं नाही. मी डोक्याला पंचा गुंडाळला. यंत्राच्या धातूच्या अंगाला मात्र आधी हात लावून घेतला, शास्त्र म्हणून.

वायर काढली, डबा पालथा केला, प्लास्टिकच्या चपट्या पट्टीनं तळाचं झाकण कडेनं उचकटलं. खाली ॲन्टेनाची तबकडी, तिचे सहा स्क्रू, काही आखूड काही लांब. कुठला कुठून आला हे लक्षात राहत नाही, म्हणून एका कोऱ्या कागदावर डब्याचा तळ चितारला आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपनं चिकटवला. आईच्या त्या प्रश्नाला पंचवीस वर्षांनी दिलेलं उत्तर. तबकडी उचलताना जपायचं, कारण ती ॲन्टेनाच्या तारेनं आत बांधलेली असते आणि ती तार तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक सांध्यात अडकवलेली. मग पंखा. तो निघाला तेव्हा त्याच्या पात्यांवर आधीच्या मालकाच्या घरची करडी धूळ होती. आपण दुसऱ्याच्या घरात डोकावतोय असं काहीसं वाटलं. मग एका अंगाला विजेचा जाड जोड, दुसऱ्या अंगाला दिव्याची नाजूक रिबिन, जी खेचायची नव्हती. दोन मोठे स्क्रू. आणि मग दोन अंगठे लावून मदरबोर्ड मागच्या बाजूनं बाहेर सारायचा.

तो सरकत बाहेर येतो तो क्षण गमतीचा आहे. मागच्या सगळ्या खाचा, यूएसबी, एचडीएमआय, इथरनेट, त्याच्याबरोबर येतात आणि डबा नुसता पोकळ टरफल म्हणून हातात राहतो. ज्याला आपण रोज 'मॅक' म्हणतो तो ॲल्युमिनियमचा चौरस नसतोच. तो हा हिरवट-काळा, वहीच्या पानाएवढा बोर्ड. त्याच्यावर चार स्क्रूंचा पिंजरा, आणि पिंजऱ्याखाली दोन पट्ट्या, एकीवर एक. काहीही गूढ नाही. लॅमिंग्टन रोडवर काचेच्या कपाटात ओळीनं लावलेल्या असतात त्याच. इतक्या कड्याकुलपांच्या आत हे एवढं ओळखीचं काही सापडेल असं वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपणहून तिरकी उठते. मग ती ओढून घ्यायची. हातात घेतली तर वजन जवळजवळ नाहीच. 8 जीबीत सुमारे 6,870 कोटी घरं असतात. प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कण साठवणारं एक सूक्ष्म कपॅसिटर, बस. ही इतकी काटकसरीची मांडणी आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 मध्ये सुचली, 1968 मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधी एका घराला सहा-सहा ट्रान्झिस्टर लागत. डेनार्ड 2024 मध्ये वारले. त्यांच्या या मांडणीत एक खोट आहे आणि ती पहिल्यापासून माहीत होती: ते कपॅसिटर गळतं. साठवलेली वीज पाझरून जाते. म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते, यंत्र चालू आहे तोवर, अखंड. गळकं भांडं स्वस्तात करता येतं आणि भरत राहणं यंत्राला परवडतं, या हिशोबावर गेली पन्नासहून अधिक वर्षं सगळी संगणकविद्या उभी आहे. मला हा हिशोब मोठा धीट वाटतो. न गळणारं भांडं शोधत बसला असता तो माणूस, तर कदाचित बाबांची चौसष्टची पट्टीही झाली नसती.

नवी पट्टी बसवायला काही सेकंद लागतात. कडेची खाच मधोमध नसते, जरा एका बाजूला असते, म्हणून उलटी बसतच नाही. आणि डीडीआर3 ला निराळ्या जागी, डीडीआर4 ला निराळ्या, म्हणून चुकीच्या पिढीची पट्टीही आत जात नाही. ज्यानं ही खाच ठरवली त्यानं आपल्यासारख्यांची आधीच कल्पना केलेली होती. त्या सुळक्याच्या स्क्रूच्या नेमकी उलट वृत्ती, आणि दोन्ही एकाच डब्यात. तिरकी धरून सोनेरी कड आत सारली, दाबली, टक् झालं. दुसरी, टक्. फुंकर मारली नाही. मोह झाला.

सगळं उलट्या क्रमानं परत. कागदावर एकही स्क्रू उरला नाही. वायर लावली, बटण दाबलं, आणि काही नाही. पडदा काळा. नवी मेमरी दिसली की यंत्र आधी तिची ओळख करून घेतं, तिचा वेग, तिची चाल तपासतं, त्यामुळे पहिली सुरुवात नेहमीपेक्षा लांबते, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि काळ्या पडद्यासमोर पंचा गुंडाळून बसणं यांत अंतर आहे. मग सफरचंद उगवलं. 'या मॅकबद्दल' उघडलं: 32 जीबी. त्या रात्री तपासणीचा कार्यक्रम लावून झोपले. सकाळी त्यानं काही दोष नाही म्हणून सांगितलं. स्कॅन केलेली चारशे पानं आता उघडी राहतात, आलेख हिरवा राहतो. काम काही वेगानं होत नाही, मी पूर्वीइतकीच हळू वाचते. पण यंत्र माझी वाट बघतं, मी यंत्राची नाही.

इथवर सगळं छान आहे, आणि इथेच थांबले असते तर हा विजयाचा लेख झाला असता. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲपलची नवी प्रणाली आली, टाहो. तिच्या यादीत 2018 चा मॅक मिनी नाही. इंटेलच्या मोजक्याच मॅकना तिनं आत घेतलं. म्हणजे माझं यंत्र सिक्वोया या जुन्या प्रणालीवर थांबलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या काही काळ येत राहतील, मग त्याही बंद. त्या यादीपुढे माझ्या दोन पट्ट्यांना काही किंमत नाही. स्क्रू मी काढू शकते, त्यासाठी जिन्याखाली बिट मिळतं. यादीत नाव घालायला कुठलं बिट आणू? खरं झाकण हे आहे, आणि ते 2014 च्या झाकणासारखंच फिरत नाही. अर्थात नव्या प्रणालीवाचून माझं काम अडलेलं नाही. पुस्तकं जुन्या प्रणालीतही जुळवता येतात. अडेल तेव्हा त्यावर लिनक्स घालायची म्हणतात, या यंत्रावर तेही सरळ नाही म्हणतात. तेव्हाचं तेव्हा.

जुन्या दोन पट्ट्या, चार-चार जीबीच्या, ड्रॉवरमध्ये पडून होत्या. दरम्यान 2025 सरता सरता मेमरीचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात कारखाने गुंतले आणि आपल्यासारख्यांच्या पट्ट्या मागे पडल्या. डिसेंबरात मायक्रॉननं 'क्रूशल' या नावानं किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या पिढीतल्या असेंबल्डवाल्यांना हे नाव घरचं.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलाला हे भाव माझ्या आधी कळले होते. मी चार्जर घ्यायला गेले तर म्हणाला, "काकू, तुमच्या त्या पट्ट्या आहेत का अजून? बहिणीचा लॅपटॉप आहे कॉलेजचा. चारचाच. एक खाच मोकळी आहे."

मी दुसऱ्या दिवशी एक नेऊन दिली. त्यानं माझ्यासमोरच लॅपटॉप पालथा केला, झाकण काढलं, कानामागची काडी काढावी तशा सहजतेनं बिट काढलं. पट्टी बसवण्याआधी शर्टाला पुसली आणि फुंकर मारली. चालू झाला. आठ जीबी.

"पैसे किती देऊ?"

"त्या दिवशीच्या बिटांचं भाडं समज."

"मग दुसरी पण देऊन टाका. गिऱ्हाईक आहे."

दुसरीचं भाडं निराळं, म्हटलं. सध्या आमची बोलणी तीनशे आणि पाचशेच्या मधे कुठेतरी अडली आहेत, आणि भाव अजून चढणार असं तोच सांगतो, त्यामुळे मला घाई नाही.